चिखल तुडवण्याची फी

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपले वाडवडील सांगून गेले. ती धमकी होती. या दोन गोष्टींत माणूस कसा धुऊन निघतो, हे त्यांना सुचवायचं होतं. आमच्या वर्गाने मात्र ते आमंत्रण समजून घेतलं. हल्ली आम्ही रविवारी सकाळी पाण्याची बाटली आणि टोपी घेऊन घर बांधायला निघतो. तेही दुसऱ्याचं घर आणि वर फी भरून!

शिबिराचं नाव असतं ‘मातीशी नातं’. मातीशी आमचं नातं एरवी कुंडीपुरतं, तेही कुंडीत तुळस जगली तर. भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याने निघायचं, दोन्ही बाजूंची अजस्र गोदामं संपेपर्यंत डोळे मिटून घ्यायचे आणि अंबाडीजवळ दिघाशीला पोचलं की उघडायचे. तिथे आमच्या एका स्नेह्यांच्या स्नेह्यांनी जागा घेतलेली आहे आणि तीवर कुडाचं घर उभं राहतं आहे. शनिवार-रविवारी राहण्यासाठी. सोमवारी त्यांना एसी लागतो.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तो दिवस मला आवडला. चिखलात पाय घातल्यावर पोटऱ्यांपर्यंत जो गारवा चढतो तो कुठल्याही डॉक्टरच्या गोळीत नाही. दुपारी चिंचेखाली तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा. भाकरी अशी पातळ आणि मऊ की आमच्या कुटुंबाने ती उजेडाकडे धरून पाहिली. संध्याकाळी वज्रेश्वरीकडच्या गरम पाण्याच्या कुंडांत पाय सोडून बसलो, आणि चिमाजीअप्पाने 1739 साली वसई घेतल्यावर इथे नवस फेडताना त्याचेही पाय असेच दुखत असतील, अशी माझी खात्री झाली. तेव्हा माझं भांडण चिखलाशी नाही, भाकरीशी तर मुळीच नाही. माझं भांडण आहे ते भाषणाशी.

भाषण जेवणाआधी झालं. खेडूत माणूस किती साधा, त्याचं घर किती साधं, आणि सिमेंटच्या मोहात पडून तो हे सारं कसं गमावतो आहे! मध्ये गांधीजी आले, लॉरी बेकर आले. आता गांधीजी 1936 साली सेवाग्रामला गेले ते राहायला गेले. तिथल्या मातीच्या कुटीत त्यांनी उन्हाळे काढले. बेकरसाहेब केरळात स्वतः बांधलेल्या घरात राहिले आणि गवंड्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. परतीच्या बसचं तिकीट खिशात ठेवून त्यांनी कुणाला साधेपणा शिकवला नव्हता.

आणि साधं कशाला म्हणता हो? कारवी रानातून आणायची, काठीला काठी लावून कूड विणायचा, मग माती, शेण आणि भाताचा तूस यांचा गारा करून दोन्ही अंगांनी लिंपायचा. माती फार चिकट असली तर वाळताना तडकते, कमी असली तर पहिल्याच पावसात उतरते. पेंढा किती, पाणी किती, हे हाताला कळावं लागतं. आमच्यावर देखरेख करणारी मावशी गाऱ्याचा गोळा मुठीत दाबायची, खाली टाकायची, त्याच्याकडे बघायची आणि म्हणायची, “अजून तुडवा.” मी जोर लावला तर म्हणाली, “शेट, नाचू नका. टाचेनं दाबा.” पुण्या-मुंबईच्या कॉलेजात याला मटेरियल टेस्टिंग म्हणतात आणि ते शिकवणाऱ्याला प्रोफेसर. मावशीला रोज मिळतो. आमच्या एकेकाची फी तिच्या तीन दिवसांच्या रोजाहून जास्त होती. शिकणारा वर्गणी भरतो आणि शिकवणारी मजुरीवर. अशी शाळा मी दुसरी पाहिलेली नाही.

मी तिला विचारलं, “मावशी, तुमचं घरही कुडाचंच का?” ती हसली. “होतं. आता पक्कं बांधतोय. दर साली लिंपायचं कोणी? तुम्ही येनार?”

या प्रश्नाला भाषणात उत्तर नव्हतं. मातीची भिंत दरवर्षी पावसानंतर डागडुजी मागते, जमीन आठवड्याला सारवण मागते. ते सारवण गाणी गात आपोआप होत नाही. गुडघ्यावर बसून बाईच करते. भाषण करणारे गृहस्थ कधी सारवायला बसलेले ऐकिवात नाहीत. 2016 साली सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेत सपाट मुलखात एक लाख वीस हजार मिळत, तेही हप्त्याहप्त्याने. तेवढ्यात चार पक्क्या भिंती उभ्या करू पाहणाऱ्या माणसाला ‘सौंदर्यदृष्टी गमावलेला’ म्हणायला आपल्या फ्लॅटच्या खिडकीला ग्रिल नसावं.

याच भिवंडी-वाड्याच्या पट्ट्यात वीटभट्ट्या आहेत. पाऊस संपला की कातकरी कुटुंबं उचल घेऊन भट्टीवर येतात आणि पुढचा पाऊस येईपर्यंत विटा थापतात. त्यांच्या पोरांना चिखल तुडवण्यासाठी शिबिर लागत नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 सालचा आहे, पण उचल अंगावर असलेल्या माणसाला तो वाचून दाखवायला सवड कुणाला आहे? आपल्या चार मजल्यांच्या विटा थापणारा तिथे झोपतो कशात? कच्च्या विटा रचून वर पेंढा नाहीतर प्लास्टिक टाकलेल्या खोपटात. तेही हाताने बांधलेलं, स्थानिक साहित्यातलं, पर्यावरणपूरक घरच आहे. तिथे मात्र एकही शिबिर भरत नाही. फोटो बरे येत नसावेत.

माझं म्हणणं अगदी हिशेबी आहे. कूड शिकायचा असेल तर मावशीला प्रोफेसरचं मानधन द्या, खुर्ची द्या, आणि भाषण तिला करू द्या. ती दोन मिनिटांत संपवेल, म्हणजे भाकऱ्याही गरम मिळतील. आणि शेजारच्याने स्लॅब टाकला तर तोंड वाकडं करू नका.

हे सगळं मी परतताना बसमध्ये संयोजकांना ऐकवलं. ते म्हणाले, तुम्ही फार कडवट बोलता, पण पुढल्या महिन्यात जरूर या, विषय आहे ‘चुलीवरचा स्वयंपाक’. फी जेवणासकट आहे. फुंकणीने चूल कोण फुंकणार आणि राखेने भांडी कोण घासणार, हे मी लेखी विचारलं आहे. उत्तर यायचं आहे.