एका अंगुळाचा हिशेब

नवें पंचांग घरांत आलें म्हणजे वडील मंडळी तिथि-नक्षत्रें पाहतात, मुलें सुट्या शोधतात. पलभेकडे सहसा कोणी वळत नाहीं. विषुवदिनीं मध्यान्हीं बारा अंगुळांच्या शंकूची जी छाया पडते, ती पलभा. बीड येथें ती सुमारें ४ अंगुळें ८ व्यंगुळें, तर उज्जयिनीस ५ अंगुळें ८ व्यंगुळें येते. या एका अंगुळाच्या फरकांत पृथ्वीचा घेर सांठविलेला आहे असें म्हटलें, तर वाचकांस नवल वाटेल.

आपल्या ज्योतिषाची मध्यरेषा उज्जयिनीवरून जाते, आणि बीडहि जवळजवळ त्याच रेषेवर आहे. बीडचे अक्षांश सुमारें १९, उज्जयिनीचे २३ अंश ११ कला. अंतर ४ अंश ११ कला, म्हणजे २५१ कला. भास्कराचार्यांनीं शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें सिद्धान्तशिरोमणींत सांगितलेली रीत अशी, कीं एकाच मध्यरेषेवरील दोन गांवांमधील अंतर मोजावें, अक्षांशांतील फरक घ्यावा आणि त्रैराशिक मांडावें. बीड-उज्जयिनीचें सरळ अंतर सुमारें ४६४ किलोमीटर. २५१ कलांस ४६४, तर २१,६०० कलांस किती? उत्तर सुमारें ३९,९०० किलोमीटर येतें. ध्रुवांवरून जाणारा खरा घेर ४०,००८ किलोमीटर आहे.

मग अडतें कोठें? मापांत! आचार्यांनीं परिघ ४,९६७ योजनें दिला आहे. त्यांच्याच लीलावतींत ३२,००० हातांचें एक योजन होतें. हात दीड फुटाचा धरल्यास घेर ७२,००० किलोमीटरांच्या वर जातो. तो खरा उतरावयाचा, तर योजन सुमारें ८ किलोमीटरांचें धरावें लागतें. रीत आपल्यापर्यंत निर्दोष पोंचली, परंतु तें योजन भूमीवर नेमकें केवढें, याविषयीं विद्वानांत वाद राहिला.

ज्याचा हात त्याचें माप, ही अडचण युरोपांतहि होती. म्हणून १७९१ सालीं फ्रान्सनें क्रम उलटविला. पृथ्वीच मापाची जननी ठरली. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश, तो मीटर. देलांब्र व मेशें या दोघांनीं १७९२ ते १७९८ पर्यंत डंकर्क ते बार्सिलोना मोजणी केली. तींत किंचित् न्यून राहून मीटर सुमारें एक पंचमांश मिलिमीटर आंखूड ठरला. वरच्या ४०,००८ मधील आठांचें मूळ तेंच. भारतानें १९५६ च्या कायद्यानें मीटर स्वीकारला. १९८३ पासून त्याची व्याख्या प्रकाशाच्या वेगावरून करितात.

येत्या विषुवदिनीं मुलांकडून अंगणांत बारा अंगुळांची काठी उभी करवावी. घड्याळाचे बारा न पाहतां छाया सर्वांत आंखूड होईल तो क्षण धरावा. काठी आणि छाया एकाच बोटांनीं मोजली म्हणजे झालें. तेथें आजोबांचें अंगुळ व नातवाचें अंगुळ सारखेंच खरें. परंतु दोन गांवांमधील अंतर दुसऱ्यास सांगावयाचें, तर आपलें बोट पुरत नाहीं. तेथें सर्वांस मान्य असें माप पाहिजे. मापावांचून उत्तम गणितहि पुढील पिढीस अर्धेंच पोंचतें.