विश्लेषण : डेटा सेंटरची ऊब दूध प्रकल्पाला का मिळू नये?

ऐरोली, रबाळे, महापे आणि पनवेल परिसरात डेटा सेंटरच्या इमारती झपाट्याने उभ्या राहत आहेत. देशातील या उद्योगाची जवळपास निम्मी क्षमता मुंबई परिसरात आहे. चर्चा होते ती गुंतवणुकीची. सर्व्हरला दिलेल्या विजेचे पुढे काय होते, हे फारसे कोणी विचारत नाही. ती जवळजवळ सगळी उष्णता होते आणि हवेत सोडली जाते. उद्या पुणे-नाशिक पट्ट्यात, संगमनेरजवळ असा प्रकल्प आला, तर जमीन देण्याआधीच या उष्णतेचा हिशेब मागायला हवा.

उष्णता किती, पाणी किती?

साध्या सर्व्हरच्या एका रॅकला ५ ते १० किलोवॉट वीज लागते. एआयसाठीच्या, एन्व्हिडियाच्या ७२ चिपच्या रॅकला सुमारे १२० किलोवॉट. म्हणजे एका कपाटात घरगुती ६० गिझर अहोरात्र सुरू! नुसत्या हवेने एवढी उष्णता निघत नाही, म्हणून चिपवर बसवलेल्या धातूच्या पट्टीतून द्रव फिरवतात. तो गरम द्रव पुन्हा थंड करायला अनेक ठिकाणी कूलिंग टॉवर असतो, आणि तिथे पाण्याची वाफ होते. १ युनिट उष्णता अशी घालवायला साधारण दीड लिटर पाणी लागते. सगळी उष्णता याच मार्गाने काढली, तर १० मेगावॉटच्या केंद्राला दिवसाला साडेतीन लाख लिटरहून अधिक, म्हणजे १० हजार लिटरचे ३६ टँकर. निळवंड्याच्या कालव्याचे पाणी दिसायला २०२३ साल उजाडावे लागले, त्या तालुक्यात हा आकडा किरकोळ नाही. पाण्याविना, पंख्यांनी थंड करता येते. पण ४० अंशांच्या उन्हाळ्यात त्याला वीज जास्त लागते.

मग परदेशात काय करतात?

स्टॉकहोममध्ये आणि डेन्मार्कच्या ओडेन्समध्ये ही उष्णता घरे गरम करायला जाते. पॅरिसजवळ २०२४च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या जलतरण केंद्राला शेजारच्या डेटा सेंटरची ऊब मिळते. जर्मनीच्या २०२३च्या कायद्याने जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या केंद्रांना किमान १० टक्के ऊर्जेच्या पुनर्वापराची अट घातली. पुढे ती २० टक्क्यांपर्यंत जाते. आपल्याकडे घरे तापवायची नाहीत, म्हणून हा विषय आपला नाही, असे म्हणणे सोपे आहे. ते चूक आहे.

संगमनेरला हे नवीन आहे का?

मुळीच नाही. सहवीजनिर्मिती करणाऱ्या साखर कारखान्यात टर्बाइन फिरवून बाहेर पडलेल्या वाफेवरच रस आटतो. दूध प्रकल्पात ७२ अंशांवर पाश्चराइज झालेले दूध थंड होता होता आत येणाऱ्या थंड दुधाला तापवते. उष्णता एकदा वापरून सोडायची नाही, हे इथल्या कामगाराला कोणी शिकवायला नको.

अर्थात डेटा सेंटरचा द्रव ४५ ते ६० अंशांचाच असतो. त्यावर रस आटणार नाही, पाश्चरायझेशनही होणार नाही. पण बॉयलरमध्ये जाणारे पाणी, टँकर आणि पाइप धुण्याचे पाणी आधी कोमट करणे, कांदा सुकवणे ही कामे होऊ शकतात; तेवढे इंधन वाचते. इथे एक गणित लक्षात घ्यावे. १ मेगावॉट उष्णतेने तासाला सुमारे ३४ हजार लिटर पाणी २५ अंशांनी तापते. एका दूध प्रकल्पाला एवढेच पुष्कळ. त्यामुळे १०० मेगावॉटच्या पार्कने 'आम्ही उष्णता पुन्हा वापरू' असे सांगितले, तर ते बव्हंशी माहितीपत्रकातले वाक्य समजावे. तालुक्याच्या गावाला परवडेल ते लहान केंद्र, तेही प्रक्रिया उद्योगाला लागून; कारण गरम पाणी लांब नेले की पाइपचा खर्च वाढतो आणि ऊब वाटेतच जाते.

राज्याच्या २०२३च्या आयटी धोरणात डेटा सेंटरना वीजशुल्कात सवलत आहे. ती देताना पाण्याचा वार्षिक हिशेब जाहीर करण्याची आणि उष्णता घेणाऱ्या शेजाऱ्याशी आधीच करार करण्याची अट घालता येईल. इमारत उभी राहिल्यावर पाइपला जागा शोधणे महाग पडते. नकाशातच ती राखावी लागते.