साइट बंद पडली? आधी एरर वाचा, मग पैसे मोजा

या वेळच्या व्हिडिओत एक मुद्दा घाईत आटोपला, तो इथे नीट मांडते. ऐन गर्दीच्या दिवशी ऑनलाइन दुकान बंद पडलं तर मालकाने पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं?

समजा, दिवाळीला आठ दिवस आहेत. तुम्ही फराळ, उटणं, आकाशकंदील विकताय. साइट वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर आहे, होस्टिंग शेअर्ड. जाहिरात चालू केली, गिऱ्हाईक यायला लागलं आणि स्क्रीनवर आलं "क्रिटिकल एरर". मग फोन सुरू होतात. होस्टिंगवाला म्हणतो, "प्लॅन अपग्रेड करा." साइट बनवणारा म्हणतो, "पूर्ण नव्याने करावी लागेल." घाबरलेला मालक दोघांनाही हो म्हणतो.

माझं स्पष्ट मत आहे की एरर वाचल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. दुकानातली लाइट गेली की आपण आधी शेजारच्याकडे आहे का बघतो, मग एमसीबी बघतो. नव्या मीटरसाठी कोणी लगेच अर्ज करत नाही. साइटच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो.

नंबर काय सांगतो?

स्क्रीनवर ५०० किंवा "क्रिटिकल एरर" दिसली तर बहुतेक वेळा एखादं प्लगइन किंवा थीम चालता चालता कोसळलेली असते. ५०८ दिसला तर तुमच्या प्लॅनमध्ये एका वेळी जेवढी कामं चालू शकतात, ती मर्यादा संपली. ५०४ म्हणजे सर्व्हर उत्तराची वाट बघून थकला. ५०३ गर्दीमुळे येतो, तसा वर्डप्रेसचं अपडेट अर्धवट अडकलं तरी येतो. म्हणजे चार नंबर, चार वेगळी दुखणी. सगळ्यांवर "अपग्रेड करा" हे एकच औषध कसं चालेल?

लॉग कुठे असतो?

होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये "एरर्स" किंवा "एरर लॉग" असतो. वूकॉमर्समध्ये स्टेटसच्या आत लॉग्ज आहेत, तिथे "फेटल एरर्स" नावाची वेगळी फाइल मिळते. वर्डप्रेस ५.२ पासून, म्हणजे २०१९ पासून, साइट कोसळली की अ‍ॅडमिनच्या ईमेलवर मेलही येतो. त्यात बिघडलेल्या प्लगइनचं नाव आणि रिकव्हरी मोडची लिंक असते. पण तो ईमेल कोणाचा आहे? अनेकांच्या साइटवर तिथे साइट बनवणाऱ्याचा पत्ता असतो. म्हणजे दुकान तुमचं आणि आग लागल्याचा निरोप दुसऱ्याला!

आणखी एक. रिकव्हरी मोडमध्ये ते प्लगइन फक्त तुमच्यापुरतं थांबतं. तुम्हाला साइट चालू दिसते, गिऱ्हाइकाला मात्र तीच एरर दिसत असते. आत जाऊन प्लगइन डीअ‍ॅक्टिव्हेट केल्याशिवाय दुकान उघडलेलं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

ओळ कशी वाचायची?

कोडिंग येण्याची गरज नाही. लॉगच्या ओळीत तीन गोष्टी शोधा: वेळ, काय झालं आणि कोणत्या फाइलमध्ये झालं. फाइलच्या पत्त्यात "प्लगइन्स" या शब्दानंतर जे फोल्डर येतं, तो तुमचा पहिला संशयित.

"कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन" आलं तर बऱ्याचदा प्लगइन जुनं आणि पीएचपी नवीन असं झालेलं असतं. पीएचपी ८ मध्ये काही जुनी फंक्शन्स काढूनच टाकली आहेत. होस्टिंगवर आवृत्ती बदलली की तीन-चार वर्षं अपडेट न केलेलं प्लगइन कोसळू शकतं. इथे प्लॅन कितीही मोठा घ्या, काडीचा फरक पडणार नाही.

"अलाउड मेमरी साइझ" संपल्याचं आलं तर जरा थांबा. त्या ओळीत १३४२१७७२८ बाइट्स असा आकडा दिसेल, म्हणजे १२८ एमबी. आणि जी फाइल दिसते, तीच गुन्हेगार असेल असं नाही. खचाखच भरलेल्या एसटीत शेवटचा प्रवासी चढताना दार लागत नाही, म्हणून गर्दी त्या एकट्याने केली का? फाइलचं नाव त्या शेवटच्या प्रवाशासारखं असतं. सगळ्यात जड कोण, हे एकेक प्लगइन बंद करूनच कळतं. आणि एका वेळी एकच बदल करा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि साइट चालू झाली तर कशामुळे झाली, ते कधीच कळणार नाही.

"होम पेज तर उघडतंय!"

हे वाक्य मी खूपदा ऐकते. होम पेज कॅशमधून येतं, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेलं असतं. कार्ट आणि चेकआउट मात्र प्रत्येक गिऱ्हाइकासाठी ताजं बनवावं लागतं. गर्दीचा सगळा भार तिथे पडतो. त्यामुळे शटर वर आहे पण गल्ल्यावर कोणी नाही, अशी अवस्था होऊ शकते. तपासायचं असेल तर स्वतः एक छोटी ऑर्डर शेवटपर्यंत करून बघा.

गर्दीच्या दिवशी काय करायचं?

आधी दुकान उघडा, मग कारण शोधा. संशयित प्लगइन बंद करा. लॉगिनच होत नसेल तर फाइल मॅनेजरमध्ये जाऊन फक्त त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला, ते आपोआप बंद होतं. बिघडलेलं प्लगइन पेमेंटचंच असेल तर तोपर्यंत फोनवर ऑर्डर आणि क्यूआरवर पैसे घ्या.

आणि कृपा करून घाईत कालचा पूर्ण बॅकअप चढवू नका. ऑर्डरी डेटाबेसमध्ये असतात. कालचा डेटाबेस आणला की आजच्या ऑर्डरी पुसल्या जातात. पैसे आलेले, पण कोणाला काय पाठवायचं ते माहीत नाही. बंद साइटपेक्षा हे कितीतरी वाईट. बिघाड प्लगइनचा असेल तर फक्त त्या प्लगइनच्या फाइल्स जुन्या आणा.

साइट सुरू झाली की पेमेंट गेटवेची यादी आणि वूकॉमर्समधल्या "पेंडिंग" ऑर्डरी शेजारी ठेवून जुळवा. एरर चालू असताना पैसे कापले गेले, पण तो निरोप साइटपर्यंत पोचलाच नाही, असं होतं. अशा गिऱ्हाइकाला त्याचा फोन यायच्या आधी तुम्ही फोन करा. बंद पडलेली साइट लोक विसरतात, अडकलेले पैसे विसरत नाहीत.

मग अपग्रेड कधी?

होस्टिंग पॅनेलमध्ये रिसोर्स युसेजचा आलेख असतो. लॉग स्वच्छ आहे, प्लगइन्स ताजी आहेत, कॅश चालू आहे आणि तरीही गर्दीच्या वेळी आलेख कमाल मर्यादेला टेकतोय, तर खुशाल मोठा प्लॅन घ्या. तो खर्च नाही, धंदा वाढल्याची पावती आहे.

"मॅडम, हे टेक्निकल आहे, आमचं काम नाही," असं काही जण म्हणतील. दुरुस्ती तुमचं काम नाही, मान्य. पण हिशेब सीए बघत असला तरी गल्ल्यात किती आहेत हे मालकाला माहीत असतंच ना? तसंच हे आहे. लॉगची ओळ कॉपी करून पाठवलीत की समोरचा माणूस अंदाजाने बोलत नाही, मुद्द्यावर बोलतो. बिलही त्याच हिशेबाने होतं.

या आठवड्यात तीन कामं करा. अ‍ॅडमिनचा ईमेल स्वतःचा टाका. होस्टिंगचं लॉगिन स्वतःकडे घ्या. साइट धडधाकट असतानाच एरर लॉग एकदा उघडून बघा. सणाच्या आधी पंधरा दिवस नवीन प्लगइन घालायचं नाही, हा नियम दुकानात लावून ठेवा.