गाईड ट्रॅकमधले उस्ताद

उस्तादांचा आवाज आपल्या कपाटात पडून आहे, हे मला सतरा वर्षं माहीतच नव्हतं.

2008 साली आमच्या शाळेतल्या मुलांची सहा गाणी आम्ही रेकॉर्ड केली होती. तीन उर्दू, तीन मराठी. सीताबर्डीतल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचा स्टुडिओ होता. बी.एड. होऊन मला नोकरीत तीनच वर्षं झाली होती. त्यामुळे मुलांची ने-आण, डबे आणि पाण्याच्या बाटल्या माझ्याकडे, आणि गाणं उस्तादांकडे. नाव वेगळं, पण सगळी शाळा त्यांना उस्तादच म्हणायची. आधी ते स्वतः गाऊन ठेवायचे आणि मुलं हेडफोनमध्ये तो आवाज ऐकत गायची. स्टुडिओत याला गाईड ट्रॅक म्हणतात. काम झालं की तो बंद करतात. सीडीवर फक्त मुलं आली.

2021 च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, उस्ताद गेले. मोबाईल समोर धरला की ते गाणं थांबवायचे. यंदा त्यांची मुलगी, माझीच जुनी विद्यार्थिनी, भेटायला आली. म्हणाली, "टीचर, अब्बूंचं गाणं कुणाकडेच नाही." तेव्हा मला ती डीव्हीडी आठवली. स्टुडिओवाल्यानं सीडीसोबत सगळं कच्चं काम एका डीव्हीडीवर उतरवून दिलं होतं.

आता माझ्या लॅपटॉपला डीव्हीडीचा खणच नाही. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. डीव्हीडी वाचली गेली, पण प्रोजेक्टची फाइल उघडेना. ती ज्या सॉफ्टवेअरमध्ये केली होती तेच हवं. स्टुडिओ कधीच बंद झालाय, मालक आता इन्व्हर्टर विकतात. भला माणूस. त्यांनी सॉफ्टवेअरचा मूळ डबाच काढून दिला. अस्सल डिस्क, मागे अनुक्रमांकाचं स्टिकर, पैसे मोजून घेतलेलं. कंपनीचं नाव इथे घेत नाही.

विंडोज 11 वर डिस्क चालवली. जुन्या विंडोजसारखं वागायचा पर्याय निवडल्यावर इन्स्टॉलही झालं. मग ते म्हणालं, इंटरनेटवरून नोंदणी करा. पलीकडे उत्तर द्यायला कुणीच नव्हतं. नोंदणीचा सर्व्हर केव्हाच बंद झालेला. म्हणजे डिस्क आपली, पैसे भरलेले, पण परवानगी देणाराच निघून गेला.

मोदी नंबर तीनमधल्या एका दुकानात गेले. काउंटरवरचा मुलगा हसला. "मॅडम, क्रॅक टाकून देतो. अँटिव्हायरस फक्त दहा मिनिटं बंद करा." त्याच लॅपटॉपवर माझ्या वर्गातल्या मुलांचे गुण आहेत, आधार क्रमांक आहेत. मी नको म्हटलं. पण घरी येताना राग आला तो त्या मुलाचा नाही. ज्यानं विकत घेतलं त्यालाही चोरवाटेनंच जावं लागत असेल, तर चोरी नेमकी कुणी केली?

हे एका कंपनीचं दुखणं नाही. ॲडोबीनं 2013 च्या सुमारास क्रिएटिव्ह सूट 2 चे नोंदणी सर्व्हर बंद केले, तेव्हा जुन्या ग्राहकांसाठी नोंदणी न लागणारी प्रत ठेवली होती. असं करता येतं, हे त्यातून दिसलं. पुढे मात्र मूळ डिस्क असली तरी आता ते पुन्हा इन्स्टॉल करता येणार नाही, असं सांगून ती सोयही संपवली. क्यूबेसची कंपनी स्टाइनबर्ग. तिथे यूएसबीला लावायची किल्ली, म्हणजे डोंगल, लागायचं. त्यामागची ई-लायसेन्सर यंत्रणा 20 मे 2025 ला बंद झाली. ॲपलनं 2019 च्या कॅटालिनापासून 32-बिट प्रोग्राम चालवणंच थांबवलं.

कंपनीनं जुनं किती वर्षं सांभाळायचं, असं कुणी विचारेल. बरोबर आहे. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टनं 8 एप्रिल 2014 ला थांबवली, विंडोज 10 ची 14 ऑक्टोबर 2025 ला. देखभाल मागतच नाही मी. नवी विंडोज आली आणि जुना प्रोग्राम अडखळला, तर ते आपलं नशीब. पण दुकान बंद करताना गिऱ्हाइकाच्या घराला लावलेलं कुलूप तरी काढून जा. अमेरिकेत, डोंगल बिघडलं आणि बदलून मिळत नसेल तर ते कुलूप ओलांडायला कॉपीराइटच्या नियमांत 2003, 2006 आणि 2010 साली सूट दिली होती. आपल्या कायद्यात 2012 साली आलेलं कलम 65अ कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. कुलूप लावणाऱ्यावर मात्र काहीच जबाबदारी नाही.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्याला हा त्रास जुनाच आहे. जुन्या इनपेजमधली प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आणायची तर कन्व्हर्टर शोधा. कृतिदेवमधलं मराठी, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडलं की पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा. लिहिलं आपण, पण वाचायचं की नाही ते दुसराच ठरवणार.

शेवटी वाट निघाली ती त्या डीव्हीडीवरच. प्रोजेक्टच्या फाइलशेजारी एक फोल्डर होतं, त्यात साध्या वेव्ह फाइल्स, दोनशेच्या वर. वेव्ह कुठेही उघडते. ऑडॅसिटी फुकट आहे, ते घेतलं आणि एकेक तुकडा ऐकत बसले. कुठला तुकडा गाण्यात कितव्या सेकंदाला लागतो ते फक्त प्रोजेक्टच्या फाइलला माहीत, त्यामुळे सगळं कानानं जुळवायचं. चौथ्या रात्री उस्ताद सापडले. गाता गाता थांबून कुणाला तरी रागावत होते, "नून गुन्ना नाकातून, घशातून नाही!" आणि मराठी गाण्याच्या वेळी, "ळ म्हणताना जीभ मागे वळव, ल नको."

चूक माझीही होती. तेव्हाच स्टुडिओवाल्याला म्हणायला हवं होतं, प्रत्येक ट्रॅक पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत वेगळा, वेव्हमध्ये द्या. चार मिनिटांचा एका आवाजाचा ट्रॅक सीडीच्या दर्जानं साधारण 21 एमबी होतो. वीस ट्रॅक धरले तरी एका पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात बसतात. तुमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी नात रेकॉर्ड केली असेल, नानीकडून लग्नातली गाणी गाऊन घेतली असतील, तर हे आजच मागून घ्या. बंद करून ठेवलेले ट्रॅकसुद्धा मागा.

चार गाणी जुळली. ती मी पेनड्राइव्हवर दिली. मुलीनं विचारलं, "टीचर, रागावलेलं काढून टाकलं नाही ना?" नाही, ते सगळे तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत. दोन गाणी अजून राहिलीत.