इंजिनवाल्यांसाठी लिहिलेला मोसम

2025 च्या नोव्हेंबरात फॉर्म्युला वनच्या लास व्हेगास शर्यतीत लँडो नॉरिस दुसरा आला, पोडियमवर उभा राहिला आणि काही तासांनी निकालातून बाद झाला. चूक त्याच्या हातांची नव्हती. गाडीच्या तळाला एक फळी लावलेली असते. शर्यत संपल्यावर ती किमान 9 मिलिमीटर जाड उरली पाहिजे, असा नियम आहे. नॉरिसच्या गाडीची फळी एका ठिकाणी 8.88 भरली. दुसऱ्या क्रमांकाचे 18 गुण गेले. मॅक्लारेन संघातला त्याचा सहकारी ऑस्कर पियास्त्री याच्या गाडीचीही तीच गत झाली आणि ती शर्यत जिंकलेला मॅक्स व्हर्स्टापेन, जो ऑगस्टअखेरीस पियास्त्रीच्या 104 गुण मागे होता, अचानक दोघांच्या मानगुटीवर येऊन बसला. डिसेंबरात अबुधाबीला हिशेब मिटला तेव्हा नॉरिसचे 423 आणि व्हर्स्टापेनचे 421 गुण होते. फळीच्या झिजेने विश्वविजेतेपद जाता जाता राहिलं.

फॉर्म्युला वनकडे नव्याने वळणाऱ्याला हा प्रकार विचित्र वाटतो. वेगाचा खेळ, आणि शेवटी फूटपट्टी? पण हा खेळ पहिल्यापासून असाच आहे. गाडी पळते ट्रॅकवर, शर्यत मात्र आधी कागदावर होते. नियम कोणी कसे वाचले, कोणाला त्यात कुठे फट दिसली, यावर मोसमाचा अर्धा निकाल लागलेला असतो. म्हणूनच 8 मार्चला, आपल्याकडे सकाळी साडेनऊला, मेलबर्नमध्ये दिवे विझून 2026 चा मोसम सुरू होईल तेव्हा चालकांच्या नावांइतकंच लक्ष नियमांच्या पुस्तकाकडे द्यायला हवं. यंदा ते पुस्तक जवळजवळ कोरं करून लिहिलं गेलं आहे. इंजिन आणि गाडीचा सांगाडा, दोन्ही एकाच वर्षी बदलण्याचं धाडस हा खेळ क्वचितच करतो.

आणि ते पुस्तक लिहिताना लेखणी धरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ना प्रेक्षक होता, ना चालक. समोर होत्या मोटार कंपन्या.

बदल काय आहेत ते आधी पाहू. 1.6 लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन कायम आहे. पण आजवर त्याच्या जोडीला असलेली विजेची मोटर 120 किलोवॉटची होती, ती आता 350 किलोवॉटची झाली. पेट्रोल जाळून मिळणारी ताकद सुमारे 400 किलोवॉटवर आणली गेली. म्हणजे जवळपास अर्धी शक्ती इंधनाची, अर्धी विजेची. इंधनही आता शाश्वत स्रोतांपासून बनवलेलं. गाड्या आखूड आणि अरुंद झाल्या, किमान वजन 800 वरून 768 किलोवर आलं. पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत आल्यावरच मागचा पंख उघडण्याची जुनी सवलत गेली. आता सरळ पट्ट्यावर सगळ्यांचेच पुढचे-मागचे पंख उघडतात आणि वळणाआधी मिटतात. मागून येणाऱ्याला मिळते ती थोडी जास्तीची वीज: इतरांच्या मोटरची ताकद ताशी 290 किलोमीटरच्या पुढे उतरत जाते, तर पाठलाग करणाऱ्याला ती 337 पर्यंत पूर्ण वापरता येते.

खरी गंमत बॅटरीत आहे. तिच्यातून एका वेळी वापरायला मिळते साधारण 4 मेगाज्यूल ऊर्जा. 350 किलोवॉटच्या मोटरला ती किती पुरते? साध्या भागाकाराचं गणित आहे: साडेअकरा सेकंदांपेक्षाही कमी. एक फेरी असते सव्वा ते दीड मिनिटाची. त्यामुळे चालकाला दर फेरीत बॅटरी पुन्हा पुन्हा भरावी लागते आणि कुठे खर्चायची, कुठे राखायची, हे सतत ठरवावं लागतं. ब्रेक मारताना ती भरते, हे सोपं. पण तेवढ्याने भागत नाही. मग सरळ पट्टा संपण्याआधीच पाय उचलावा लागतो, नाहीतर पाय पूर्ण दाबलेला असतानाही मोटर उलट काम करून इंजिनाचीच ताकद बॅटरीत ओढून घेते आणि गाडी पट्ट्याच्या टोकाला मंदावते. पगाराच्या पहिल्या आठवड्यात मनसोक्त खर्च केलेल्या गृहस्थाचा महिनाअखेर जसा जातो, तसा हा प्रकार. उशिरा ब्रेक मारून जिवावर उदार होणाऱ्यांसाठी ओळखला जाणारा खेळ चालकाकडून काटकसर मागतो, हे अनेक जुन्या चाहत्यांच्या पचनी पडलेलं नाही, आणि त्यांचं पूर्णपणे चुकतं असंही नाही.

मग असे नियम केले का? कारण होंडाने 2021 नंतर काढता पाय घेण्याची घोषणा केली होती आणि इंजिन बनवणाऱ्यांची यादी आक्रसत चालली होती. जुन्या यंत्रणेत एक्झॉस्टच्या उष्णतेतून वीज काढणारा एक भाग होता. अत्यंत हुशार, अत्यंत महाग आणि रस्त्यावरच्या गाड्यांसाठी जवळपास निरुपयोगी. मर्सिडीजने तो 2014 मध्ये इतरांच्या खूप आधी साधला. त्या वर्षी 19 पैकी 16 शर्यती त्यांनी जिंकल्या आणि पुढे 2021 पर्यंत सलग आठ वेळा संघांचं अजिंक्यपद. नव्या कंपनीने या वर्गात उशिरा प्रवेश घ्यायचा तर पहिली काही वर्षं नापासच व्हायचं, हे उघड होतं. तो भाग काढला, विजेचा वाटा वाढवला, आणि आमंत्रणं स्वीकारली गेली. ऑडीने 2022 मध्ये येण्याचं जाहीर केलं, फोर्डने 2023 मध्ये रेड बुलशी हात मिळवला, होंडानेही जाण्याचा विचार बदलला. अमेरिकेचा कॅडिलॅक हा अकरावा संघ आला; तूर्त फेरारीच्या इंजिनावर, पण पुढे स्वतःचं इंजिन आणण्याच्या इराद्याने.

व्यवहार म्हणून हा यशस्वी ठरला, हे मान्य करायला हवं. पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. कंपन्यांना बोलावण्यासाठी मांडलेल्या याच पंगतीतून रेनो उठून गेली. अनेक दशकं फॉर्म्युला वनची इंजिनं बनवणाऱ्या या फ्रेंच कंपनीने ते काम थांबवलं आणि तिचा अल्पिन संघ आता मर्सिडीजचं इंजिन विकत घेतो. परिणामी ग्रिडवरच्या 22 गाड्यांपैकी आठांत मर्सिडीजचं यंत्र आहे. एका इंजिनवाल्याने डाव साधला तर मैदानाचा तिसरा हिस्सा त्याच्या बाजूला. वैविध्यासाठी केलेल्या बदलाचं हे फळ थोडं आंबटच म्हणायचं.

डाव साधल्याची कुजबुज तर पहिल्या शर्यतीआधीच सुरू झाली आहे. सिलिंडरमध्ये इंधन-हवेचं मिश्रण किती दाबायचं, याची मर्यादा 18 वरून 16 पटींवर आणली गेली, नवख्यांना सोपं जावं म्हणून. पण ती मोजायची इंजिन थंड असताना, असं पुस्तकात लिहिलेलं. धातू तापला की प्रसरण पावतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक. तेव्हा थंड असताना सोळा आणि पळताना त्याहून जास्त, असं इंजिन कोणी बनवलं तर तो नियमभंग की नियमपालन? बोट मर्सिडीजकडे दाखवलं गेलं, त्यांनी सगळं नियमात असल्याचं सांगितलं, आणि शेवटी 1 जूनपासून गरम इंजिनावरही मोजमाप करण्याचं ठरलं.

हा तोडगा पटणारा नाही. पळवाट शोधणं ही या खेळातली लबाडी नव्हे, ती त्यातली कला आहे. 2009 चं उदाहरण घ्या. मंदीमुळे होंडाने डिसेंबर 2008 मध्ये संघ सोडून दिला, व्यवस्थापक रॉस ब्रॉनने तो नाममात्र एका पौंडाला घेतला आणि गाडीच्या मागच्या टोकाखाली हवेला वाट करून देणारा दुमजली डिफ्यूझर लावून जेन्सन बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या. टोयोटा आणि विल्यम्स यांनाही नियमात तीच फट दिसली होती. बाकीच्यांनी आरडाओरडा केला, प्रकरण अपिलात गेलं, गाडी वैध ठरली. मग बाकीचे कामाला लागले, स्वतःचे डिफ्यूझर बनवले आणि मोसमाच्या उत्तरार्धात ब्रॉनचा दम निघाला. तरी बटन आणि ब्रॉन दोघेही विजेते झाले. शोधाला फळ मिळालं, पाठलागालाही वाव मिळाला. मोसमाच्या मधोमध मोजपट्टी बदलली की शोधणाऱ्याचं फळ जातं आणि पाठलाग करणाऱ्याचे कष्टही वाचतात. नव्या नियमांत मागे पडलेल्या इंजिनवाल्याला सुधारणेची जादा संधी देण्याची तरतूद मुळातच आहे. तेवढी पुरे होती.

आता माणसांकडे वळू, कारण शेवटी टीव्हीवर दिसतात ती माणसंच. नॉरिस गाडीवर 1 हा आकडा लावून उतरेल. व्हर्स्टापेनपुढे यंदा वेगळीच परीक्षा आहे: रेड बुलने आयुष्यात प्रथमच स्वतःचं इंजिन बनवलं आहे आणि शेजारच्या गाडीत आहे इझाक हाजर. ती जागा गेल्या काही वर्षांत बऱ्याच चांगल्या चालकांना गिळून बसली आहे. मर्सिडीजमध्ये जॉर्ज रसेल आणि विशीही न गाठलेला किमी अँटोनेली. फेरारीत लुईस हॅमिल्टन. सात वेळा विश्वविजेता आणि 105 शर्यती जिंकलेला, पण लाल गाडीतल्या पहिल्या वर्षी त्याला मुख्य शर्यतीत एकदाही पोडियम दिसला नाही. फेरारीचा शेवटचा विश्वविजेता चालक 2007 चा किमी रायकोनेन. इटलीत दर वर्षी मोसमाच्या तोंडावर आशा पल्लवित होतात आणि जूनपर्यंत कोमेजतात. यंदा पुस्तक नवं असल्याने निदान जूनपर्यंत त्यांना कोणी हसू नये.

सगळ्यात कुतूहल ॲस्टन मार्टिनचं. गाड्या आरेखणारा एड्रियन न्यूई तिथे आहे, नवं इंजिन होंडाचं आहे आणि चालवायला 44 वर्षांचा फर्नांडो अलोन्सो. या संघाशी भारताचं एक जुनं नातं आहे, जे आता फारसं कोणी सांगत नाही. सिल्व्हरस्टोनच्या वेशीवरचा हाच संघ 2008 ते 2018 या काळात विजय मल्ल्यांचा फोर्स इंडिया होता. त्याच्या मालकाविषयी जे बोलायचं ते न्यायालयांत बोलून झालंय. पण 2016 आणि 2017 या दोन्ही वर्षी तुटपुंज्या पैशांत चौथा क्रमांक मिळवणारे ते तंत्रज्ञ अव्वल होते, हे नाकारता येणार नाही.

बाकी आपलं नातं तुटक. नारायण कार्तिकेयन 2005 मध्ये इंडियानापोलिसला चौथा आला, तेव्हा मिशेलिनचे टायर सुरक्षित नसल्याने 14 गाड्या सुरुवातीआधीच पिटमध्ये परतल्या होत्या आणि सहाच गाड्या शर्यत धावल्या. भारतीयाने मिळवलेले तेवढेच पाच गुण, तेही नियम आणि टायर यांच्या भांडणातून आलेले. मुंबईचा जेहान दारुवाला फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकला, 2022 मध्ये मॅक्लारेनची गाडीही त्याने चाचणीसाठी चालवली, पण दार उघडलं नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 अशा तीनच शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन व्हेटेलने जिंकल्या, आणि मग हा खेळ की करमणूक, करमणूक असेल तर कर किती, या वादात सगळं बारगळलं. आजही तो ट्रॅक तिथेच आहे, आणि 24 शर्यतींच्या जाहीर वेळापत्रकात मेक्सिकोपासून कतारपर्यंत सगळे आहेत. यंदा एक बारीकसा धागा आहे तो अर्विड लिंडब्लॅडचा. ब्रिटनच्या झेंड्याखाली रेसिंग बुल्सकडून उतरणारा हा 18 वर्षांचा पोरगा आईकडून भारतीय वंशाचा आहे. त्याला लगेच आपला म्हणून मिरवण्याआधी त्याला निदान दहा शर्यती धावू द्याव्यात.

नवख्या प्रेक्षकासाठी इतकं पुरे की पहिल्या दहांना गुण मिळतात, पहिल्याला 25 आणि दहाव्याला 1. सहा ठिकाणी शनिवारी छोटी शर्यतही असते. युरोपातल्या बऱ्याच शर्यती आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात. पहिल्या तीन-चार निकालांवरून कोणाचीही वर्षभराची कुंडली मांडू नये. नव्या नियमांच्या वर्षात मार्चमधली गाडी आणि सप्टेंबरमधली गाडी यांचं फक्त नाव सारखं असतं.

नियमांचा खरा कस लागेल तो 6 सप्टेंबरला मोंझात. तिथे फेरीचा बहुतेक वेळ पाय पूर्ण दाबलेला असतो आणि ब्रेक मारायच्या जागा मोजक्या, म्हणजे वीज खर्चायला भरपूर आणि भरायला जवळपास काहीच नाही. फॉर्म्युला वनच्या सर्वांत वेगवान ट्रॅकवर, फेरारीच्या हजारो चाहत्यांसमोर, 22 गाड्या पट्ट्याच्या शेवटी बॅटरीसाठी मंदावताना दिसल्या तर विजेचा वाटा कमी करण्याची मागणी करणाऱ्यांना वेगळा पुरावा लागणार नाही. आणि तिथेच कोणी राखून ठेवलेली वीज शेवटच्या फेरीत बाहेर काढून पहिल्या वळणाआधी दोन गाड्या मागे टाकल्या, तर ऑडी, फोर्ड आणि होंडाला बोलावण्यासाठी मोजलेली किंमत फार जास्त नव्हती, असं म्हणायला जागा राहील.