करार आणि कंत्राट

अर्थशास्त्राच्या तासाला 'पुनर्रचना' हा शब्द प्रथम ऐकला, तेव्हा तो मला मोठा भारदस्त वाटला. अमेरिकेतील डाऊ केमिकल कंपनीची हकिकत वाचली आणि त्याचा अर्थ उमगला.

जुलै २००८ मध्ये डाऊने रोम अँड हास ही रसायनांचीच कंपनी कर्जासह सुमारे १,८८० कोटी डॉलरला विकत घेण्याचा करार केला. पुढे मंदी आली. डिसेंबरात डाऊने २० कारखाने बंद करून ५,००० कायम नोकऱ्या आणि सुमारे ६,००० कंत्राटी माणसे कमी करण्याचे जाहीर केले. महिनाअखेर कुवेतशी ठरलेली भागीदारी मोडली. तिकडून येणारा पैसा अडला. डाऊने खरेदी लांबविताच रोम अँड हासने जानेवारी २००९ मध्ये कोर्ट गाठले. अखेर १ एप्रिलला व्यवहार पुरा झाला.

मंदीत कंपनीने काटकसर करूच नये, असे मी म्हणत नाही. बुडालेली कंपनी कोणालाच पगार देत नाही. पण मित्रहो, दोन कंपन्यांमधला करार कोर्टात ताठ उभा राहतो आणि मजुराचे कंत्राट एका घोषणेसरशी संपते, हे कसे?

माझे वडील एका रासायनिक कारखान्यात बारा वर्षे कंत्राटी कामगार होते. 'उद्यापासून येऊ नका,' हे त्यांना गेटवरच्या वॉचमनने सांगितले.

शब्दकोशात करार आणि कंत्राट यांचे अर्थ जवळजवळ एकच आहेत. आमच्या घरात मात्र नाहीत.