दोन भाषांची शाळा, पण कोणाच्या मुलांसाठी?

जर्मनीच्या मोठ्या शहरांतून एका शाळेचे प्रस्थ अलीकडे वाढले आहे. शाळा खाजगी, दिवसभराची, आणि इंग्रजी व जर्मन या दोन भाषांतून शिकविणारी. एक शिक्षक मुलांशी केवळ इंग्रजीत बोलणार, दुसरा केवळ जर्मनमध्ये. पाठांतराने नव्हे, तर नित्याच्या वापराने मूल दुसरी भाषा आत्मसात करणार. या पद्धतीशी आमचे तिळमात्र भांडण नाही. मातृभाषेचा पाया पक्का असेल तर दुसरी भाषा मुलाला बळच देते, हे आम्ही मुक्तकंठाने मान्य करतो.

आमचे भांडण आहे ते दारावरच्या फीशी!

जर्मन राज्यघटनेचे ७ वे कलम पाहा. १९४९ साली घटनाकारांनी खाजगी शाळा काढण्याचा हक्क दिला. पण जी शाळा सरकारी शाळेची जागा घेईल तिला मान्यता देताना, आईबापांच्या सांपत्तिक स्थितीवरून मुलांची विभागणी होण्यास उत्तेजन मिळता कामा नये, असे बजावले. ही काही एका वर्षाची लहर नव्हे. १९१९ च्या वायमार घटनेतही हीच अट होती. आणि पालन? २०१६ साली मिखाएल व्राझे व मार्सेल हेल्बिग या बर्लिनच्या संशोधकांनी राज्याराज्यांचे नियम तपासून, घटनेच्या या आज्ञेची उपेक्षा होत आहे, असा स्पष्ट निर्वाळा दिला. पहारेकरीच झोपला, तर कुलूप कितीही मजबूत असून काय उपयोग?

कोणी म्हणेल, अनेक ठिकाणी उत्पन्न पाहून फी ठरते, शिष्यवृत्त्याही असतात. असतील! पण फीचा तक्ता वाचूनच जो बाप फाटकातून माघारी वळतो, त्याची नोंद कोणत्या वहीत होते? चार गरीब मुलांना आत घेतल्याने शाळा सर्वांची होत नाही.

याहून बोचणारी गोष्ट आणखी आहे. १९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून मजूर आणले. त्यांची नातवंडे घरी तुर्की आणि रस्त्यावर जर्मन बोलतात, तीही द्विभाषिकच. परंतु साहेबाच्या मुलाचे इंग्रजी हे भूषण आणि मजुराच्या नातवाचे तुर्की ही अडचण, असा हिशेब वारंवार मांडला जातो. भाषेचा मान बोलणाऱ्याच्या खिशावरून ठरावा काय?

हे काम सरकारला झेपणारे नाही, ही सबब तर बर्लिननेच खोटी पाडली आहे. तेथे १९६० पासून जर्मन-अमेरिकन सरकारी शाळा चालते. १९९२ पासून सरकारी युरोपा-शाळांत जर्मनच्या जोडीला इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि पुढे तुर्की, पोलिश, ग्रीकही आली. दोन्ही भाषांची मुले निम्मी-निम्मी घ्यावीत हे तेथील तत्त्व, आणि शिक्षणाला फी नाही. जे या शाळांत साधते, ते गल्लोगल्ली का साधू नये?

शाळेची भाषा म्हणजे काय, हे आम्हां सीमावासीयांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. म्हणूनच आम्ही ठणकावून सांगतो: दोन भाषा जरूर शिकवा, पण त्या विकू नका. ज्ञानाच्या दारात तराजू टांगणाऱ्यांनी आपल्याच राज्यघटनेचे ७ वे कलम एकदा मोठ्याने वाचावे. इंग्रजीत वाचा, नाहीतर जर्मनमध्ये. अर्थ एकच निघेल!